घासलेले चिंचोके

चेन्नै, ८ मे २०००

चि. नित्यास,
अनेक आशीर्वाद, रागासकट.

काल पत्त्यांवरच्या प्राण्यांच्या झुंजीची स्पर्धा सोडून, तुझ्या अप्पाला ओढत तू तडक बस गाठलीस आणि मी दुकानात वेड्यासारखी उभी! दुकानदार शेषाद्रींनी एवढंच सांगितलं होतं, की झुंजीत प्राण्याला किती मार बसला ते मोजायला चिंचोके चालणार नाहीत, विकतचे काचेचे खडे हवेत. मी लगेच एक पुडी घेऊन तुझ्यापुढे धरली, तर तू ती मागे सारलीस. पंधरा वर्षांची घोडी झालीस, चारचौघांत असं वागतात का? सिंगापूरहून काकाने पत्ते पाठवल्यापासून याच दिवसासाठी जीव टाकत होतीस ना?

महिनाअखेरीच्या रविवारी पुन्हा स्पर्धा आहे. हट्ट सोडून ये.

माया आहे म्हणूनच रागावते,
चंद्रमती आत्या

तंजावर, ११ मे २०००

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

खडे परत करा. काकाने पत्ते पाठवले, मार मोजायचं सामान नाही. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या राजम पाट्टीने दायमच्या पटावर फासे म्हणून टाकायला घासतात तसे चिंचोके मला एका बाजूने दगडावर घासून दिले. पांढरी बाजू वर म्हणजे दहाचा मार, काळी म्हणजे पन्नासाचा. काचेच्या खड्यात दहा कुठले नि पन्नास कुठले, ते आधी शेषाद्रींनी सांगावं! नियम कुठे लिहिलाय विचारलं, तर म्हणाले, हे गावठी दिसतं. तुम्ही ऐकलंत ना? वाईट खेळले म्हणून घालवलं असतं तर मुकाट्याने गेले असते. गावठी म्हणणाऱ्याचेच खडे घेऊन मी तिथे खेळणार नाही. कधीच नाही.

रडू मात्र त्यांच्यामुळे नाही आलं. तुम्ही माझ्या बाजूने एक शब्द बोलाल असं वाटलं होतं.

मी अशीच आहे, तरी लोभ कमी करू नका.
तुमची नित्या

चेन्नै, १६ मे २०००

चि. नित्यास,
अ. आ.

हो, ऐकलं होतं, आणि गप्प राहिले. तुझं पत्र वाचून तशीच उठले नि दुकानात जाऊन बसले. शेषाद्रींना म्हटलं, छापलेला नियम दाखवा, नाहीतर मी इथून हलत नाही. गिऱ्हाइकं गोळा झाली. शेवटी नियम सापडला: खूण दोन्ही खेळाडूंना स्पष्ट दिसली पाहिजे. बास, एवढंच! ते म्हणाले, बरं, मुलीला खेळू दे. मी म्हटलं, मुलीबरोबर माझंही नाव लिहून घ्या.

तेव्हा चार दिवस आधी ये आणि मला खेळ शिकव. माझ्यापुरतेही चिंचोके घासून आण. इथे चिंच पाकिटातली, बिनबियांची मिळते.

हरले तर हसू नकोस, बाकी माया आहे तशीच असू दे.
चंद्रमती आत्या