चादरीवरचे टोमॅटो

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे अर्ध्यावरच अडतात, उरलेला अर्धा मनातल्या मनात). तुझी नवी कवळी बसली का, की अजून डबीतच विश्रांती घेते आहे? भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे मी एकटा असूनही सर्व क्षेम आहे, म्हणजे मंगळवारपर्यंत होतं.

तुझी भावजय लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे (मुलगी झाली, नाक आपल्या घराण्याचं आहे, बिचारी). जाताना तिने बजावलं होतं, गच्चीवरच्या कुंड्यांतली भाजी उतरली की शेजारीपाजारी वाटून टाका. पण यंदा टोमॅटो, बीट आणि भेंडी यांनी आपसांत ठरवल्यासारखा उच्छाद मांडला. तीन दिवस वाटली. चौथ्या दिवशी समोरच्या नर्सबाई मला पिशवीसह जिन्यात पाहताच दार लावून घेऊ लागल्या. मग म्हटलं, वाळवूनच ठेवू. भरलेली बरणी बघून बायको म्हणेल, 'अहो, तुम्ही एकट्याने केलंत?' हे वाक्य ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो आहे.

ताई, शिंपी काहीही करायला बसला तरी शिंपीच. टोमॅटो-बिटाच्या चकत्या टेपने मोजून पाव पाव इंचाच्या कापल्या (दोन बेतात बसेनात, त्या खाल्ल्या). भेंड्या सुईदोऱ्यात ओवून दोरीला टांगल्या. नर्सबाईंनी दाराच्या फटीतूनच सांगितलं होतं, मीठ लावा आणि स्वच्छ, पातळ, सुती कापडावर पसरा. आता कापडातलं मला कोण शिकवणार? कपाटात हात घातला, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी घरातलं सगळ्यात उत्तम सूत ओढून काढलं. चष्मा शिवणयंत्रावरच राहिला होता, पण बोटं असताना चष्मा हवा कशाला! बोटं चुकली नाहीत, तोच घोळ झाला.

संध्याकाळी चष्मा लावून चकत्या गोळा करायला गेलो, तर खालून निळी वेलबुट्टी डोकावली. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही दोघींनी शेजारी बसून दोन सारख्या चादरी भरल्या होत्या ना, त्यातली आमची! तुझ्या भावजयीने ती आजवर एकदाही अंथरली नाही, पहिल्या नातवंडासाठी जपून ठेवली. मीठ लागताच टोमॅटोने पाणी सोडलं, बिटाने रंग सोडला आणि मी धीर सोडला. लिंबू झालं, साबण झाला, ऊन झालं. गिऱ्हाइकांना जन्मभर 'डागाला जपा हं' म्हणून बजावणारा माणूस मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. ती ओरडली तर मी ऐकून घेईन, सवय आहे. पण ती काहीच न बोलता चादर घडी घालून ठेवेल, आणि ते मला बघवणार नाही.

भाज्यांचं म्हणशील, तर दोन टोपल्यांची मिळून एक बरणी झाली, तीही गळ्यापर्यंत नाही. चव मात्र झकास आहे. थोडं सोबत पाठवतो आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : भाजी हे निमित्त. तुझी चादर रविवारच्या आत पाठवशील का? आपली चादर नातीसाठी न्यायला ती रविवारी येते आहे. टाका न् टाका सारखा आहे, तिला कळायचं नाही.

आणखी एक ता. क. (हे अक्षर माझं) : वन्सं, नमस्कार. मी दोन दिवस आधीच आले. घाबरगुंडीत यांनी पाकीट चिकटवायला माझ्याच हातात दिलं. चादर पाठवू नका. डाग पडले ती तुमचीच. सहा वर्षांपूर्वी मी माझी एकदा अंथरून पाहिली नि तिच्यावर चहा सांडला, म्हणून तुमच्याकडे राहायला आले तेव्हा गुपचूप बदलून आणली. तुमच्या कपाटात तळाशी आहे ती माझी. रागावा, पण ती घेऊन या, दोघी मिळून डागांवर नवी फुलं भरू. बरणी बघून मी 'अहो, तुम्ही एकट्याने केलंत?' म्हटलं, तर यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला कळलंय हे यांना एवढ्यात सांगू नका. सकाळपासून न सांगता भांडी घासताहेत.