टेबलाचे पाय

मंगळवार, ता. ९

चि. धाकट्या वन्संस,

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. टेबलाचे पाय कापण्याआधी मला विचारायला तुझं तोंड कुणी शिवलं होतं? आपली शेजारीण काल मला बघायला इथे माहेरी आली आणि सहज बोलून गेली. पडद्यांच्या कारखान्यात सुतार आला, माझ्या कापणीच्या टेबलाचे चारही पाय वीतभर उडवले, आणि तू पुढे उभी राहून उंची बघत होतीस म्हणे. तुला कात्री धरायला मी शिकवलं. खांदा आखडला म्हणून उपचार होईपर्यंत माझी कामावरची जागा तुझ्या हाती दिली. उसनं आणलेलं भांडं कुणी ठोकून आपल्या मापाचं करतं का?

आणि खांदा दुखायला लागला तेव्हा हात गळ्यात बांधा, मुळीच हलवू नका, असं तूच म्हणालीस. इथल्या डॉक्टरबाई म्हणतात, बांधून ठेवल्याने जास्तच आखडला. आता रोज शेकायचं, वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, भिंतीवर बोटं चढवायची. माझा भाऊ भिंतीवरचे डाग बघून म्हणतो, पाल बरी, ती वरपर्यंत तरी जाते. वेणी भावजय घालते, तीही डोळे तिरपे होतील इतकी ओढून.

कारखान्याच्या मालकीणबाईंना माझ्याबद्दल काय सांगितलंस ते लिही.

तुझी वहिनी

शुक्रवार, ता. १२

ती. वहिनींना सा. न.,

तुमचं पत्र पोचलं. टेबल तुमच्यासाठीच खाली घेतलं. हात वर जात नाही, मग उंच टेबलावर कापणार कशा? दादाला विचारूनच केलं. हात बांधायचं मी मायेने सांगितलं. हाड मोडलं की बांधतात, तेवढंच मला ठाऊक.

मालकीणबाईंनी विचारलं, तुम्ही कधी येणार. मी म्हटलं, असा खांदा वर्ष-दीड वर्षही घेतो. त्यात खोटं काय? मग कायमची राहशील का म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

रागावा, पण तोडू नका.

तुमची धाकटी

सोमवार, ता. १५

चि. धाकट्या वन्संस,

हात बांधायचं माफ. तेवढी अक्कल मलाही नव्हती. टेबलाचं माफ नाही. मी तुझ्याहून वीतभर उंच. त्या टेबलावर मला कमरेत मोडून कापावं लागेल आणि तू ताठ उभी राहशील. तेव्हा माझ्यासाठी केलं हे पुन्हा लिहू नकोस. तुझा दादा तर दर रविवारी इथे येतो, मला बरं वाटतं का विचारतो, पोटभर जेवतो आणि याबद्दल ब्र काढत नाही. नवरा माझा, पण भाऊ तुझा, हे आज कळलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हात खांद्याइतका वर येतो आहे. पूर्ण सुटायला वेळ लागेल, पण पुढच्या महिन्यापासून थोडं थोडं काम करा, जड गठ्ठे उचलू नका. म्हणजे मी येणार. मालकीणबाईंना तसं आजच कळवते आहे.

हो पण नाही आणि नाही पण नाही, असलं उत्तर दारावर येणाऱ्या विक्रेत्याला दे. मी आले की जागा सोडणार की नाही, एका शब्दात लिही. लोभ राहायचा की आटायचा ते त्या शब्दावर. शनिवारच्या टपालाने उत्तर हातात पडलं पाहिजे.

वहिनी