दाजी, नारळ तेवढा हलवून जा

मु. पो. पाली, राजगडाचा पायथा
शुक्रवार, एसटी यायच्या आत

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी, धाकटा मेहुणा मानसिंग याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (तिसरा असता तर तोही जोडला असता, अशी वेळ आहे.) हितं सगळी खुशाल आहेत. तुमची तब्येत, तुमचं ब्लडप्रेशर, तुमचं व्यसनमुक्ती मंडळ आणि आमच्या अक्काचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. कळवावे म्हणजे फोन उचलावा. तुम्ही परवापासून माझा फोन कट करताय, म्हणून शेवटी कागद घेतला. शुद्धलेखन तपासू नका. मागचं माझं पत्र तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून, खाली ‘प्रगती समाधानकारक नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं होतंत. ते मंगलनं कपाटात जपून ठेवलंय आणि भांडण झालं की मला मोठ्यानं वाचून दाखवते. तुम्ही रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, पण माझ्या घरात अजून हेडमास्तर आहात.

तुमच्या रागाचं कारण मला ठाऊक आहे. हनुमंत कंडक्टरनं भोरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या सांगितलं म्हणे, की मानसिंगच्या पडवीत जर्मन पाहुणे दिवसाढवळ्या फेसाळलेला भलामोठा काचेचा मग घेऊन बसलेत, आणि मानसिंगची बायको वरून ओततेय. दाजी, ते ताक होतं. आमच्या म्हशीचं, मंगलच्या हातचं, जिरं आणि मीठ घातलेलं ताक. रवीनं घुसळल्यावर ताकालाही फेस येतो, हे हनुमंताला कुणी शिकवलं नाही यात पाहुण्यांचा काय दोष? आणि काचेचा मग कसला? घरातलं भांडं होतं. हनुमंताला आता तिकीटसुद्धा नाकाला लावून वाचावं लागतं. अशा माणसाच्या साक्षीवर तुम्ही पोरीचं लग्न मोडणार?

आता पहिल्यापासून सांगतो. शेफालीनं शिकता शिकता जर्मनीत फेलिक्स पसंत केला तेव्हा तुमची एकच अट होती: ज्या घरात दारू चालते त्या घरात मुलगी देणार नाही. पाहुणे आधी माझ्याकडे उतरतील, मी त्यांची पारख करीन, आणि मी चांगलं म्हटलं तरच भोरला बोलणी होतील, असं ठरलं. (रोज गडावर जाणाऱ्या ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी घालतोस, तुला माणसं कळतात, असं तुम्हीच म्हणालात. तुमच्या तोंडून माझं पहिलंच कौतुक, ते मी गावभर सांगितलं.) त्याप्रमाणे शेफालीबरोबर तिघं आले. मुलगा फेलिक्स, त्याचे वडील क्लाऊसराव आणि मुलाचा सख्खा मामा अलोइस. मामाला बरोबर आणलंय म्हटल्यावर माझं निम्मं मन तिथंच भरलं. आपल्याकडे हल्ली पत्रिकेवर मामाचं नाव कोपऱ्यात छापतात आणि त्यांनी विमानाचं तिकीट काढलं. ग्रामपंचायतीनं वेशीवर शाल-श्रीफळ दिलं. शाल त्यांनी लगेच पांघरली, पण नारळाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून क्लाऊसराव दोन दिवस तो काखेत धरून हिंडत होते. (आपल्यालाही कुठं कुणी सांगितलंय? आपण तो पुढच्या सत्काराला वापरतो.)

पहिल्याच संध्याकाळी मी शेफालीला मधे बसवून सरळ विषय काढला. खोटं कशाला बोलू, दाजी, ते पितात. बियर पितात. तिकडे तिला कुणी दारूत मोजत नाही, कालवणात मोजतात. पण दोघांच्या पिण्यात भोर आणि वेल्ह्याइतकं अंतर आहे. क्लाऊसराव कोलोनचे. त्यांच्याकडे बियरचा पेला एवढासा, उभट, आपल्या तांब्यावरच्या फुलपात्राएवढा. तो रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा भरलेला ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं रेघ मारतो. (वाढपी पाहुण्याला टोमणेही मारतो. तसा त्याचा मानच असतो. हे ऐकून मंगलला ती नोकरी आवडली.) पुरे झालं की तीच चकती पेल्यावर झाकायची. मग देव आला तरी वाढत नाहीत. अलोइस पडला म्युनिकचा. तिकडे एका माणसाला एक लिटर, आणि तळ दिसेपर्यंत उठायचं नाही. कोलोनचा पेला बघून अलोइस म्हणाला, आमच्याकडे यात खोकल्याचं औषध देतात. क्लाऊसराव म्हणाले, तुमच्याकडे पितात ते आमच्याकडे म्हशीला पाजतात. आणि कोलोनच्या शेजारच्या शहरात काळपट बियर करतात, तिचं नाव काढलं तर दोघांनीही एकदम तोंडं फिरवली, आपल्यात भावकीचं नाव काढल्यावर फिरवतात तशी. पेला पेल्याला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाही तर सात वर्षं वाईट जातात, असंही त्यांच्यात मानतात. आपल्या शनीपेक्षा अर्ध्या वर्षानं स्वस्त पडतं.

मग मी तुमची अट सांगितली. शेफालीनं ती जर्मनमध्ये सांगितली. क्लाऊसराव म्हणाले, तिच्या वडिलांच्या भागात आहोत तोवर आम्ही पाणी पिऊ. अलोइसनं मान हलवली. (हळू हलवली, पण हलवली.) ते ऐकून मला भरून आलं, दाजी. मी तिथंच ठरवलं की हे घर चांगलं आहे आणि ही सोयरीक झालीच पाहिजे. माझी भाची आहे ती. पण मंगलनं ‘पाणी’ ऐकलं आणि तिचा अपमान झाला. माझ्या दारात सोयरा नुसतं पाणी पिणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेफाली आणि फेलिक्स गडावर गेले, घरात दोन्ही भाषा येणारं कुणी उरलं नाही, आणि मंगलनं ताकाची घागर बाहेर काढली. क्लाऊसरावांपुढे फुलपात्र, अलोइसपुढे एक लिटर मावेल असं भांडं. पुढचं काय सांगू! क्लाऊसरावांनी फुलपात्र संपवलं, मंगलनं भरलं. त्यांना वाटलं, वा, हितं कोलोनचीच रीत आहे. संपवलं, भरलं. संपवलं, भरलं. मग त्यांनी खिशातली पुठ्ठ्याची चकती काढून फुलपात्रावर ठेवली. मंगलनं चकती अदबीनं उचलली, ताक ओतलं, चकती परत नीट झाकून ठेवली. मी आत बोलावून तिला समजावलं, अगं, त्यांच्यात झाकलं म्हणजे पुरे. ती म्हणाली, “व्हय, पर आपल्यात झाकत्यात ते माशी बसू नये म्हून. आन् पावण्यानं नको म्हनलं म्हून हात आखडला, तर उद्या गावात तोंड कुठं दावायचं?” यावर तुमचंही काही चाललं नसतं. तुम्हाला ती दर दिवाळीला सातवी पुरणपोळी वाढते तेव्हा खाताच की.

अलोइसचे हाल याहून वाईट. त्याच्या रीतीनं तळ दिसल्याशिवाय उठायचं नाही आणि मंगलच्या रीतीनं तळ दिसूच द्यायचा नाही. त्यानं दोन घोट घेतले की ही दोन घोट ओतायची. तो बिचारा धर्म म्हणून पीत राहिला. दुपार झाली तेव्हा त्याची शाल गळून पडली होती आणि मिशीला लोणी लागलं होतं. याच सुमाराला हनुमंताची गाडी दारावरून गेली. आता बघा, क्लाऊसराव म्हणजे अलोइसच्या बहिणीचे नवरे, म्हणजे त्याचे दाजीच. मेहुण्याची अवस्था त्यांना बघवेना. ते उठले. चकतीनं या घरात भागत नाही, काहीतरी जड पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. आणि काखेतला सत्काराचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी, शेंडी वर करून, अलोइसच्या भरलेल्या भांड्याच्या तोंडावर ठेवला.

पूर्वेकडे तोंड करून ठेवला हो! आणि नेमका गेनबा गुरव ताक मागायला दारात उभा. मुलाचा बाप मुलीच्या मामाच्या घरी येतो आणि भरल्या भांड्यावर श्रीफळ ठेवतो, याला दुसरं काय म्हणायचं? गेनबानं वहाणा काढल्या, अंगणातल्या आंब्याची पाच पानं तोडून नारळाखाली खोचली. मंगलचा ओतणारा हात जागीच थांबला. (म्हणजे क्लाऊसरावांचा उपाय लागू पडला, हे कबूल केलं पाहिजे.) तिनं हळद-कुंकू आणलं. निरांजन लागलं. तेवढ्यात शेफाली आणि फेलिक्स गडावरून घामेजून उतरले. गेनबानं त्यांच्याकडे बोट करून क्लाऊसरावांना विचारलं, “या दोन लेकरांपायी मांडलाय का कलश?” आपला मुलगा धडधाकट परत आला हे बघून क्लाऊसराव खूश होऊन जोरजोरात मान हलवू लागले. झालं. सुपारी फुटली. माझ्या खानावळीच्या डब्यातली साखर गावभर गेली. शेफाली हसून हसून खाली बसली आणि मग एकदम रडायलाच लागली. म्हणाली, मामा, आता माझ्या नानांना कोण सांगणार? मी म्हटलं, मी.

तर सांगितलं. तुमच्या माघारी तुमच्या मुलीचं ठरलं.

आता अडचण अशी, की गेनबा म्हणतो कलश मुलाच्या बापानं मांडला, आता तो हलवायचा मुलीच्या बापानंच. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर सोयरीक मोडली समजायची. पडवीत कुत्रं-मांजर येऊ नये म्हणून मी आणि क्लाऊसराव पाळीपाळीनं राखण बसतो. त्यात आतलं ताक आंबलंय. नारळ कालच्यापेक्षा थोडा वर आलाय आणि मधूनच उजवीकडे कलतो. गेनबा त्याला कौल म्हणतो. आज सकाळी पासलीहून एक बाई हरवलेल्या रेड्याचं विचारायला आली होती. नारळ कलला, तशी ती उजव्या अंगाच्या वाटेनं गेली, आणि रेडा सापडला. दुपारपर्यंत पडवीत बसायला जागा उरली नाही. अलोइस लोकांना रांगेत बसवतो आणि ताक वाटतो. फुलपात्रानं मोजून, पण प्रत्येकाला एक लिटर.

रविवारी पाहुण्यांचं विमान आहे. पुढं काय ते तुम्ही जाणता. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला. (ताक सोडून, त्याला आता कुणाच्याच पोटात जागा नाही.) कळावे, तुमचा आज्ञाधारक आणि नापास,

मानसिंग

ता. क. १ – हे पत्र हनुमंताच्याच हाती देतोय. आग त्यानंच लावली, पाणी त्यालाच आणू द्या. त्याची नजर मात्र चांगली आहे. वर मी ‘भांडं’ लिहिलंय तो काचेचा मगच आहे. अलोइसनं म्युनिकहून तुमच्यासाठी भेट म्हणून आणलेला. मंगलला घरात लिटरभर मावणारं तेवढंच सापडलं, कारण पितळेत ताक कळकतं. मगावर एका जाड्या माणसाचं चित्र आहे, तो बियर पिऊन हसतोय. त्याच्या तोंडाला मी हळद-कुंकू थापलंय, पण डोळे दिसतात. येणारे-जाणारे त्याच्याच पाया पडतात. तर मागणं एवढंच, की व्यसनमुक्ती मंडळाच्या अध्यक्षांनी रविवारच्या आत पालीला यावं, चारचौघांत त्या मगाची पूजा करावी आणि नारळ हलवावा. तो मग तुमच्याच नावाचा आहे, त्यामुळे कलशही तुमचाच.

ता. क. २ – वर अक्काच्या गुडघ्यांची चौकशी केलीय ती खोडा. गुडघे आत्ताच हनुमंताच्या गाडीतून उतरले. देवळात जाते म्हणून घरातून निघाली म्हणे. तिनं कलशाला हात जोडले, साखर खाल्ली आणि शेफालीला कुशीत घेऊन बसलीय. तुम्हाला निरोप दिलाय: स्वतःच्या लग्नात घड्याळासाठी जानवसघरात रुसून बसला होतात, तो नवरदेवाचा मान होता. मुलीच्या बापाला रुसायचा मान नसतो. तेव्हा तुमची समजूत काढायला आमचे बाबा आले होते. आता बाबा नाहीत. मी आहे. या ना, दाजी.

ता. क. ३ – क्लाऊसरावांनी तुमच्यासाठी एक चकती बाजूला ठेवलीय. माझ्या घरी तिचा उपयोग होत नाही, पण असू द्या खिशात. मंगलनं नवी घागर घुसळायला घेतलीय.