बोरीवरची अमरवेल

मिरज, ११ डिसेंबर १९५६

गोदूताई, तुझ्या पायांवर धाकट्या चंद्राचं डोकं.

मी इथे दवाखान्यात बरी आहे. खोकला कमी आहे, दूध मिळतं. शेजारच्या खाटेवरची बाई परवा गेली. घरी नव्हे. तुझी कंबर कशी आहे?

यमीनं कर्नाळ्याच्या रानातून पिवळी अमरवेल आणून दारातल्या बोरीवर टाकली, हे तुझ्या पत्रात वाचलं. चूक माझी. निघताना लेकीला गोष्ट सांगितली होती, की रानातल्या राणीचा जीव वेलीत असतो आणि वेल जगते तोवर राणीला मरण नाही. मी म्हणाले अमृतवेल, म्हणजे आपली गुळवेल. पोरीनं ऐकलं अमरवेल. ती तर झाडाचा रस पिऊन झाडच मारते!

बोर सुकायला लागली, म्हणून तू वेल ओरबाडून जाळणार आहेस. बरोबरच आहे. ऐन बोरांच्या दिवसांत झाड का घालवायचं? पण यमी रोज वेलीला सांगते म्हणे, "तू हाय तवर माजी आय मरनार नाय."

आज डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले.

ताई, बोर मेली तर मरू दे. वेल तोडू नकोस.

तुझीच,
चंद्रा