चापापुढचा बारका स्क्रू

मंगळवार, पेडणे. तिन्हीसांज.

आज फार मिरवले मी. घरात सांगायला कोण नाही, म्हणून लिहिते. निवडणुकीआधी ह्यांनी रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा केलं आणि परत आणायच्या आधी हेच गेले. मुलगा म्हणाला, आपल्याला नको, सरकारला देऊन टाक. म्हणून आज मी ठाण्यात गेले.

हवालदाराने दोन पुढे ठेवली, चिठ्ठ्या गळलेल्या. नंबर वाचायला त्याचा चष्मा सापडेना. "आजये, तुमचं खंयचं?"

दोन्ही सारखीच, चाप ओढला की घोडा आपसूक उठणारी. पण मी चापापुढचा बारका स्क्रू बघितला. तो जुन्या मॉडेललाच, नंतरच्यांना नाही. दर दसऱ्याला पुसताना हे सांगायचे, मी नुसतं हूं हूं करायची.

"हेंच आमचं!" चष्मा मिळाला, नंबर जुळला. हवालदार म्हणतो, "आजये, आमच्या सायबांक शिकवूंक येवा!" काय हसले मी!

मग लगेच सही घेतली आणि ते कपाटात बंद. त्या बारक्या स्क्रूवर बोटसुद्धा फिरवलं नाही. येवढ्या लवकर कशाला ओळखलं? जरा घुटमळले असते, तर आणखी थोडा वेळ समोर राहिलं असतं.