म्हातारा तारा काय करतो

बाबा,

पोंभुर्ण्याच्या एका शाळेने मला विद्यार्थ्यांशी ताऱ्यांविषयी बोलायला बोलावले आहे. परवा जायचे आहे. भाषण मराठीत करायचे असल्यामुळे मी गेले चार दिवस मूल गावातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ते लिहीत आहे आणि रोज एका वाक्यापाशी येऊन थांबत आहे. ते वाक्य असे : सूर्याएवढे किंवा सूर्याहून थोडे मोठे तारे म्हातारे होतात तेव्हा... यापुढचे मला नीट माहीत आहे. गेली काही वर्षे मी दुसरे काहीच शिकलेले नाही. तरी हात पुढे सरकत नाही, कारण हेच वाक्य मी एकदा तुमच्यासमोर पूर्ण केले होते आणि चुकीचे पूर्ण केले होते. मुलांना सांगण्याआधी ते तुम्हाला सांगायला हवे, असे वाटले.

तुम्ही राईस मिलमध्ये बॉयलरवर होतात. धान उकडण्यासाठी लागणारी वाफ तिथे तयार होई आणि भट्टीत जळण म्हणून धानाचाच भुसा जाई. रविवारी मी तुमचा डबा घेऊन येत असे आणि तुमचे जेवण होईपर्यंत रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचत असे. तुमच्या जोडीला बॉयलरवर काम करणारे, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते मला पाहिले की म्हणत, ‘‘वाच, वाच. बाप भुसा जाळते, पोरगी डोळे जाळते.’’ मी मान खाली घाली. तुम्ही तोंडातला घास संपवून शांतपणे म्हणायचात, ‘‘जळू दे. तिले चष्मा घेऊन देईन मी. तुह्या डोक्याले काय घेऊन द्यावं, तेवढं सांग.’’ मग भाऊच सर्वांत मोठ्याने हसत.

जेवण झाले की तुम्ही भट्टीखालून राख ओढायचात. थोडी निवू द्यायचात, चिमटीत घेऊन चोळायचात आणि मला दाखवायचात. ‘‘काळी पडली म्हंजे आगीले हवा कमी पडून राह्यली. पांढरी पडली म्हंजे हवा पुरली.’’ धुराड्याकडे न पाहता, केवळ राखेच्या रंगावरून तुम्ही हवेची झडप किती उघडायची ते ठरवत होतात. त्या राखेत काय असते हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नाही. मी पुस्तकात बोट घालून ठेवलेले असे, तुमचे बोलणे संपले की पुढे वाचता यावे म्हणून.

मी आठवीत गेले त्या वर्षी तुमचा दम वाढला. मालकाने आधी तुम्हाला बॉयलरवरून काढून राख उपसायला लावले आणि तेही जमेना तेव्हा घरी राहायला सांगितले. तुम्ही अंगणात खाटेवर बसून असायचात. घरातल्या कामांतले काही मागून घ्यायचात, तांदूळ निवडायचात, माझ्या वह्यांना कव्हर घालायचात. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, वाकून श्वास घ्यायचात आणि कोणी पाहत आहे असे दिसले की खाली काहीतरी शोधत असल्यासारखे करायचात.

त्याच दिवसांत शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. ताऱ्यांचा धडा माझा अत्यंत आवडता, म्हणून मी ताऱ्याचे आयुष्य दाखवायचे ठरवले. थर्माकोलचे गोळे, तांबडा राक्षसी तारा, श्वेत बटू, सगळे पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम. एका दुपारी तुम्ही कोणाला न सांगता मिलपर्यंत चालत गेलात आणि दोन पुड्या घेऊन आलात. वर्तमानपत्रात बांधलेल्या, एकीत काळी राख, एकीत पांढरी. परत आल्यावर कितीतरी वेळ तुम्हाला बोलता येत नव्हते. मग म्हणालात, ‘‘हे बी ठेव तुह्या ताऱ्यात.’’

घरातही पुस्तकी बोलण्याची माझी खोड तेव्हाचीच आहे. मी म्हणाले, ‘‘बाबा, ताऱ्यात राख नसते. हायड्रोजन असतो.’’

‘‘जळते म्हंतेस ना तारा? मंग राख कुठी जाते?’’

‘‘ते जळणे वेगळे असते.’’

‘‘बरं.’’ तुम्ही पुड्या खाटेखाली सरकवल्या. मी तांबड्या गोळ्याला रंग देत होते आणि तुम्ही पाहत होतात. मग तुम्ही त्या गोळ्याकडे बोट केले. ‘‘हा म्हातारा झालेला ना? तो काय करते मंग?’’

‘‘काही नाही. फुगतो, थंड होतो आणि विझतो.’’

‘‘कोणाच्या कामी नाई येत?’’

‘‘नाही. खूप मोठे असतात ते तारे कामाचे. त्यांचा स्फोट होतो आणि त्यातून मूलद्रव्ये सगळीकडे पसरतात. लहान ताऱ्यांचा शेवटी काही उपयोग नसतो.’’

हे मी तोंड वर न करता बोलले. कुंचला माझ्या हातात होता आणि रंग वाळण्याआधी उरलेला भाग पुरा करायचा होता. तुम्ही थोडे हसलात, मग ते हसणे खोकल्यात गेले. आई चुलीपुढून उठून दारात आली. तिने तुम्हाला पाण्याचा गडवा दिला आणि मला म्हणाली, ‘‘एवढी शिकून राह्यलीस, पण तुले काही समजते का नाई?’’ तुम्ही पाणी पिऊन तिलाच थांबवलेत. ‘‘तिले काऊन बोलतेस? लेकरू हाय. पुस्तकात होतं ते सांगतलं तिनं.’’

प्रदर्शनात मला पहिला क्रमांक मिळाला. पांढऱ्या राखेने आईने भांडी घासली. काळीचे काय झाले ते मला माहीत नाही. त्याच वर्षी, धानाच्या कापणीच्या दिवसांत, तुम्ही गेलात.

आता खरे उत्तर सांगते. मोठे तारे फुटतात आणि त्यांतून प्राणवायू, लोखंड, पुष्कळ काही बाहेर पडते, हे खरेच आहे. परंतु आपल्या अंगातल्या कार्बनचा आणि नायट्रोजनचा मोठा वाटा त्या लहान, म्हाताऱ्या ताऱ्यांनी दिलेला आहे, ज्यांना मी बिनकामाचे म्हणाले होते. असा तारा म्हातारा झाला की त्याच्या गाभ्याभोवतीचा हेलियम राहून राहून भडकतो. त्यातून कार्बन तयार होतो आणि आतला माल ढवळून वर पृष्ठभागावर येतो. आत, त्या हेलियमच्या थरातच, अणूंच्या गाभ्यात एकेक न्यूट्रॉन सावकाश शिरत जातो आणि लोखंडाहून जड मूलद्रव्ये तयार होतात, बेरियम, शिसे अशी. टेक्नेशियम नावाचे एक मूलद्रव्य तर काही लाख वर्षांत विरून जाते आणि तारा अब्जावधी वर्षांचा. तरी म्हाताऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात ते सापडले. जुना साठा असता तर केव्हाच संपला असता. म्हणजे ते तारे ते आत्ता, या वयात तयार करत आहेत. हे मी प्रथम वाचले तेव्हा ग्रंथालयात बसले होते. पुस्तक मिटले आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

आणि बाबा, ताऱ्यात राख असते. म्हातारा तारा धपापतो, फुगतो आणि आक्रसतो, आणि त्याच्या अंगावरचा वायू हळूहळू सुटून जातो. दूर गेल्यावर तो निवतो आणि अणू एकमेकांना धरू लागतात. कार्बन आणि प्राणवायू आधी जोडी जमवतात. मग दोघांतले जे उरेल त्यावर पुढचे सगळे ठरते. प्राणवायू उरला तर सिलिकॉनला धरून वाळूच्या जातीची बारीक धूळ तयार होते. कार्बन उरला तर काजळी, आणि कार्बनच्या लांब साखळ्यांचे, कड्यांचे रेणू. ताऱ्याचा प्रकाश ती धूळ बाहेर ढकलतो आणि धुळीबरोबर वायूही जातो. पुढे त्यातूनच नवे तारे, ग्रह, माती. तुमच्या पांढऱ्या राखेतही बहुतेक सिलिकाच होती, वाळूतली. आणि काळीत न जळलेला कार्बन. भट्टी आणि तारा सारखे नाहीत, हे मी आजही म्हणेन. पण काळे की पांढरे, हे प्राणवायू किती पुरला यावर ठरते, ही गोष्ट तुम्ही दोन पुड्यांत बांधून आणली होती आणि ती मला विद्यापीठात दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या भाषेत, पुन्हा शिकावी लागली.

आज सकाळी आई तांदूळ पाखडत होती. मी तिला हे सारे, जमेल तितके सोपे करून सांगितले. ती सूप हलवत ऐकत होती. म्हणाली, ‘‘मंग तवा काऊन नाई सांगतलं त्याहिले?’’

‘‘तेव्हा मला माहीत नव्हते, आई. पुस्तकात तेवढेच होते.’’

‘‘हो. पुस्तकात नोयतं,’’ ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. त्या आवाजात ती माझ्यावर रागावली आहे असे काही नव्हते. उलट तुम्ही ज्या रीतीने मला सोडवले होते, त्याच रीतीने तीही आता सोडवत होती.

ते मला सहन झाले नाही, म्हणून उठून हे लिहायला बसले. भाषणातले वाक्य मी पूर्ण करेन, परवा मुलांसमोर म्हणेनही. आवाज लहान आहे माझा, तरी म्हणेन. मुलांना ते पुरेल. तुम्हाला पुरणार नाही, कारण तुम्ही ताऱ्याविषयी विचारलेच नव्हते. हे मला आत्ता कळले असे नाही. तुम्ही गोळ्याकडे बोट केलेत तेव्हाच कळले होते. म्हणूनच मी तोंड वर केले नाही. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर तुम्ही जाणार आहात हे आधी मान्य करावे लागले असते. मला भीती वाटली. धडा पाठ होता, तो मी म्हणून दाखवला.