थोरल्या खणीचं चित्र

९ जानेवारी १९७८, सोमवार

नाही मिळालं. काम नंदिनीबाईंना गेलं.

ग्रंथालयाची नवी इमारत, जिन्यासमोरची अख्खी भिंत, आणि तिच्यावर आमच्या उचगावच्या थोरल्या खणीचं चित्र! दोन महिने मी त्या चित्रावर खपत होतो. सेक्रेटरी हंबीरराव म्हणाले, "मास्तर, तुमचं चित्र झ्याक हाय, पर कागदावर. भितीवर टिकाय पायजे की. बाई बडोद्याला शिकून आल्यात. टाईलीवर रंगवून भट्टीत भाजत्यात. शंभर वर्सं हलायचं न्हाय." मी चहा प्यायलो. वर अभिनंदन पण करून आलो.

आता खणीत पाणी साठलंय, म्हशी धुतात लोक. पण संस्थानच्या वेळी तिथला काळा दगड गाड्या भरभरून कोल्हापुरात जायचा. आबांनी तिथं बत्तीस वर्षं दगड फोडला. त्या केरबाचा मुलगा मी, चित्रकलेचा मास्तर. आणि चित्र कोण काढणार, तर जिच्या तळहाताला एक घट्टा नाही अशी शहरातली बाई.

१० जानेवारी

संध्याकाळी आबांनी विचारलं, "ठरलं न्हवं चित्राचं?"

डिसेंबरात मीच छाती फुगवून सांगून बसलो होतो, काम आपल्यालाच म्हणून. आबांचे कान सुरुंगांनी गेलेले, त्यांना सगळं ओरडून सांगावं लागतं. "मिळालं नाही" हे ओरडून सांगायचं म्हणजे गल्लीत दवंडीच! मी मान हलवली. हो म्हणून. ते भाकरी कुस्करत राहिले.

उद्या सांगीन.

२२ जानेवारी, रविवार

अजून सांगितलेलं नाही. आणि आज बाई स्वतःच दारात! लूनावरून आल्या, पदर खोचलेला, वय अठ्ठावीसच्या वर नसेल.

"सर, तुम्ही शाळेत असताना खणीवर बसून चित्रं काढायचात म्हणे. बघायला मिळतील?"

चाळीसेक आहेत, माळ्यावरच्या ट्रंकेत. खण चालू होती तेव्हाची. "वाळवी लागली," म्हणालो. बायको, कालिंदी, चहा घेऊन येत होती, तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. बाई "अरेरे" म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, तेच जास्त झोंबलं.

"मग आबांना विचारू का?"

विचारा की, म्हटलं. मनात हसलो. आबा बोलतील तर शपथ! मी लहान असताना खणीचं काही विचारलं की एकच उत्तर, "तू शाळा बग." मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "ग्रंथालयाच्या बाई आहेत, चित्रासाठी आल्यात." आबांनी माझ्याकडं बघितलं, हसले आणि बाईंना म्हणाले, "बसा पावणं."

दोन तास बोलले. दोन तास!

२९ जानेवारी

पुन्हा आली. (इथं तरी अहोजाहो कशाला?) दोघं कट्ट्यावर. मी खिडकीत वह्या तपासत बसलो, म्हणजे तपासत नव्हतो.

आबा सांगत होते, "दगडाला आदी पानी पाजायचं. मग बसून बगायचं, वाळताना. समदा वाळतो, पर भेग हाय तितं वल ऱ्हाती. तितनंच फुटनार त्यो. उगं ताकद लावून काय हुतंय?" मग पाचरी कशा एका ओळीत मारायच्या, एकीवर एकच घाव घालून पुढच्या पाचरीकडं कसं जायचं, हे त्यांनी कट्ट्यावर शेंगा मांडून दाखवलं. ती लिहून घेत होती.

एकोणचाळीस वर्षं मी यांचा मुलगा आहे. मला हे माहीत नव्हतं. बारा वर्षं चित्रकला शिकवतो, माझं एक चित्र यांनी हातात धरून बघितलेलं नाही. शाळेच्या प्रदर्शनाला बोलावलं तर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि हिच्यासाठी शेंगा भाजतात!

कामाचा हेवा होता, तो कुणालाही वाटला असता. हा दुसरा आहे. आई गेल्यावर या घरात आम्ही दोघंच होतो, सहा वर्षं. तेव्हा कुठं होत्या एवढ्या गोष्टी?

५ फेब्रुवारी

आली. आबांनी दाढी केली होती.

१२ फेब्रुवारी

बाई गेल्यावर कालिंदी काहीतरी सांगायला लागली, "अवो, ह्या बाईंचं आन् आबांचं..." मी ताट सारून उठलो. घरात दुसरा विषयच नाही का?

५ मार्च, रविवार

आज शिरोली एमआयडीसीत जाऊन आलो. तिथं एका शेडमध्ये बाईंची भट्टी आहे. "एकदा नजर टाका, सर," असं चार वेळा म्हणाल्या होत्या. टाकली.

दोनशे चाळीस टाईल्स जमिनीवर मांडलेल्या. चोवीस आडव्या, दहा उभ्या. माणसं बरी काढली आहेत. बरी कशाला, चांगली काढली आहेत. हातोडा उचललेल्या माणसाची पाठ मला अशी जमली नसती. पण रंग! खणीचा सगळा कडा फिकट गुलाबी, थोडा जांभळट. आमची काळी खण, आणि गुलाबी! कुणाच्या तरी बारशाला सजवल्यासारखी!

बाईंनी विचारलं, "काही सुचवायचंय का, सर?"

"नाही. उत्तम आहे."

सायकलवरून येताना शीळ घालत होतो. उचगावच्या फाट्यावर माझं मलाच कळलं, तेव्हा थांबलो. मग पुन्हा घातली.

६ मार्च

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. "गुलाबी खण बघायला या हं, एक मेच्या उद्घाटनाला." ड्रिलचे मास्तर हसून हसून खोकायला लागले. फार दिवसांनी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

१९ मार्च

तोंडघशी पडलो.

आज भट्टी उघडली. बाईंनी मला आणि आबांना दोघांना बोलावलं होतं. आबा नको म्हणाले, गुडघा दुखतोय. मी मात्र गेलो. मजा बघायला गेलो, खोटं कशाला लिहू.

तो गुलाबी रंग कच्चा होता. भाजल्यावर तो निळा होतो, हे त्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं म्हणे. त्याच्यात लोखंडाची पूड घातली की काळ्याकडं झुकतो. समोर जे होतं तो माझ्या लहानपणीचा दगड होता, नुकता फुटलेला, अजून धूळ न बसलेला. काळ्यात निळसर झाक, आणि पाणी टाकलेल्या जागी चकाकी. मी बारा वर्षं पोस्टर कलरनं पोरांकडून पपई आणि पेरू काढून घेतोय.

"आबा म्हणाले होते, घण पडल्यावर आतला दगड पहिल्यांदा निळा दिसतो," बाई म्हणाल्या. "त्यावर मी सोळा वेळा रंग भाजून बघितला."

मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार?

तिच्या जागी मी असतो तर! हे वाक्य आज पन्नास वेळा मनात आलं. आणि खरं सांगायचं तर मी तिच्या जागी असतो तर कडा करडा रंगवला असता आणि मोकळा झालो असतो. म्हणून जास्त राग येतोय.

३० एप्रिल

निमंत्रणपत्रिका आली. "ग्रॅनाईटची ऐतिहासिक खाण" असं छापलंय. आमच्या खणीत ग्रॅनाईट कुठला? काळा दगड तो. हंबीररावांना इंग्रजी शब्दाशिवाय वजन येत नाही. पत्रिका वाचून एवढंच समाधान मिळालं.

आबांनी ट्रंकेतून फेटा काढायला लावला. कालिंदीनं इस्त्री केली. माझ्या लग्नानंतर तो फेटा बाहेर निघाला नव्हता. तिच्या कार्यक्रमाला निघाला! आबांना मी अजूनही काही सांगितलेलं नाही. आता सांगायचं राहिलंय तरी काय? पत्रिकेवर नाव आहे, उद्या भाषणात ऐकतील, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. त्यांना वाचता येत नाही आणि ऐकू येत नाही, हे मला माहीत नाही का?

१ मे, सोमवार

झाला एकदाचा कार्यक्रम. भाषणं, हार, नारळ. नारळ बाईंनी आबांच्या हातून फोडून घेतला.

पडदा निघाला. आबा भिंतीपाशी गेले आणि टाईलींवर हात फिरवायला लागले. दगड फोडणाऱ्यांची ओळ आहे, तिच्यातल्या एकेकावर बोट ठेवून नावं घेत गेले. "ह्यो आकाराम. ह्यो सयाजी, सुरुंगात गेला. ही चिमणाबाई, पानी घालायची." मागे बसलेले लोक उठून पुढं आले. हंबीररावसुद्धा. बाई बाजूला उभ्या होत्या, डोळे पुसत. मला सहन होईना.

मग आबा वळले, गर्दीत कुणाला तरी शोधत. मला बघितल्यावर हात पुढं केला. गुडघा भरून आला असेल, आधार हवा असेल. मी खांबाआड सरकलो. द्या म्हणावं बाईंना हात! मागच्या दारानं निघून आलो. आबांना बाईंनीच रिक्षानं घरी सोडलं.

२ मे

सकाळी कट्ट्यावर आबा शेजारच्या विठाबाईला सांगत होते. बहिऱ्या माणसाचं बोलणं, आतपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

"पोराचं चित्र त्ये. ती बाई त्येच्या हाताखाली हाय. मला थेट इचाराय लाजतंय की त्ये, म्हनून दर ऐतवारी तिला धाडायचा, लिवून घ्यायला. म्हटलं, इचारतोय न्हवं आता? मग सांगूया समदं. काल बगितलंस न्हाईस तू. बाळूनं आपली खण जित्ती केलीया."

मी कालिंदीकडं बघितलं. ती चुलीपुढून उठली नाही.

"पैल्या ऐतवारीच कळलं मला," ती म्हणाली. "बाईंना म्हटलं, आबांचा गैरसमज झालाय, मी सांगती त्यांना. तर म्हनल्या, राहू दे वहिनी. ते सरांनाच सांगतायत, मी नुसती लिहून घेते. मी तुमाला सांगनार हुते. तुमी ताट ढकललंत."

म्हणजे काल हात आधारासाठी नव्हता, मला चित्राजवळ बोलवायला पुढं केला होता.

बाहेर आबा अजून बोलतायत. उठून जायचं आणि ओरडून सांगायचं, की आबा, चित्र माझं नाही. अर्धा तास झाला. मी इथंच लिहीत बसलोय.